गेरूचं बोट

खरं सांगायचं तर महाराजांवर माझा राग होता. आजचा नाही, साठ वर्षांचा. इतका जुना की तो राग आहे हेसुद्धा मी विसरून गेलो होतो. दरवर्षी पुण्यतिथीला मठात जायचो, समाधीवर डोकं टेकवायचो, भंडाऱ्याची बुंदी खायचो आणि वर्ध्याची एसटी धरून सिंदी मेघेला घरी यायचो. लोक म्हणायचे, काय भाविक माणूस आहे! बायको तेवढी ओळखून होती. ती म्हणायची, "तुमी देवापुढं असे उभे राह्यता, जसं काई फिर्याद घेऊन आले." मी तिला गप्प करायचो, पण तिचं खरं होतं.

फिर्याद होतीच. मी सात वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीला ताप आला. ती चार वर्षांची. वडील आर्वीला एका शाळेत शिपाई होते. डॉक्टर झाले, वैदू झाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलेले सगळे उपाय झाले, ताप काही हटेना. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं माझ्याच वहीतलं एक पान फाडलं आणि शिसपेन्सिलीनं महाराजांना पत्र लिहिलं. वहीचं पान फाडलं म्हणून मी भोकाड पसरलं होतं, तेही मला आठवतं. शेजारच्या एक बाई दर्शनाला निघाल्या होत्या, त्यांच्या हाती तिनं ते दिलं. महाराज तेव्हा हयात होते. लोक आपलं दुःख कागदावर लिहून नेत, महाराज उत्तर सांगत आणि मठाचा कारभारी ते लिहून देई, हे अख्ख्या मुलखाला ठाऊक होतं. आमच्या पत्राला उत्तर आलं नाही. पत्र धाडल्यापासून सहाव्या दिवशी बहीण गेली. आई त्यानंतर पन्नास वर्षं जगली, आणि विषय निघाला की एकच म्हणायची, "पत्र पोचलंच नसन रे. पोचलं असतं तं महाराज चूप बसले असते का?" त्या शेजारणीला तिनं कधी विचारलं नाही. मला वाटतं, तिला भीती वाटत असावी, की ती बाई "दिलं होतं" म्हणेल.

महाराजांचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या भागात ते सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्यांना नावावरून काही कळणारही नाही. तळेगावहून आत सात-आठ किलोमीटरवर त्यांचा मठ आहे. त्याचे अध्यक्ष भाऊसाहेब. संत्र्याची बाग, मोठा आवाज, मन त्याहून मोठं, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही, असा माणूस. मी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढली, हे त्यांना माहीत होतं. एका पुण्यतिथीला त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाबूजी, महाराजांचे कागद वाळवी खाऊन राह्यली. तुमी जिंदगीभर कागदच सांभाळले. हे सारं कॉम्प्युटरात चढवून द्या. म्हंजे कोणीबी, कुठं का राहेना, घरी बसून पाहीन." मी लगेच हो म्हटलं. ते म्हणाले, केवढी भक्ती! अहो, कसली भक्ती? मला एकच कागद शोधायचा होता. आईचं पत्र पोचलं होतं की नाही, एवढंच मला मरायच्या आधी जाणून घ्यायचं होतं.

मठाच्या एका खोलीत लाकडी पेटाऱ्यात ते कागद होते. महाराजांची थोडी टिपणं, त्यांनी लिहून ठेवलेले काही अभंग, आणि बाकी सगळी लोकांची पत्रं. गाठोडी बांधलेली, प्रत्येकाला लाल फडकं. आमच्या मठाची रीत अशी, की पुण्यतिथीला ही गाठोडी समाधीपुढं मांडायची, सोडायची, आणि येईल त्या भक्तानं कागदांवर हळदकुंकू वाहायचं. पन्नास वर्षं हे चाललेलं. त्यामुळे कागद उघडला की आधी दिसे ते कुंकूच. थेंब, फराटे, डाग, ओल्या हातांचे ठसे. त्यातून अक्षर शोधायचं म्हणजे डोळे फुटायची वेळ. मी आधीच स्वच्छतेचा किडा. ऑफिसात माझ्या फायलीवर चहाचा डाग पडला म्हणून एका शिपायाशी मी महिनाभर बोललो नव्हतो. इथं तर सगळाच रंगपंचमीचा कारभार.

पण कागदाची छबी कॉम्प्युटरात उतरवणाऱ्या मशीनमध्ये, स्कॅनरमध्ये, एक सोय असते. एखादा रंग त्याला वगळायला सांगता येतो. लाल वगळ म्हटलं की मशीनला लाल दिसतच नाही, खालची काळी-निळी शाई आणि पेन्सिल तेवढी उमटते. मला ही सोय सापडली तेव्हा मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. पहिलाच कागद काचेवर ठेवला, पडद्यावर पाहिलं, आणि काय सांगू, धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखा स्वच्छ! भाऊसाहेबांना बोलावून दाखवला. त्यांनी तर हातच जोडले. त्या दिवसापासून मशीनची ती खूण मी एकदाही बदलली नाही. हप्त्यातले चार दिवस तळेगावला उतरायचो, मठात राहायचो, हातमोजे चढवून एकेक कागद मऊ ब्रशानं झाडायचो आणि काचेवर पालथा घालायचो. वाचायचो ते मात्र पडद्यावर. मूळ कागदाकडे पाहायची गरजच उरली नव्हती.

आठ महिने असे गेले. लोकांनी काय काय लिहिलं होतं! कोणाची म्हैस आटली, कोणाला मूल नाही, कोणाचा भाऊ बोलत नाही, कोणाला रात्री वाईट स्वप्न पडतं. बऱ्याच कागदांच्या मागं महाराजांचं उत्तर उतरून ठेवलेलं असे. कुठं "गाईला चारा घाल", कुठं "भावाच्या घरी तू आधी जा". ती उत्तरं वाचताना मला हसू यायचं, बरंही वाटायचं. माझा राग थोडा सैल होत चालला होता. वाटायला लागलं, आईचंच खरं, पत्र पोचलंच नसणार. आणि तसं निघालं असतं तर मी मोकळा झालो असतो.

मग एका दुपारी पडद्यावर माझ्या वहीचं पान आलं. कडेची दुहेरी रेघ मी ओळखली, अक्षर तर ओळखलंच. आईचं अक्षर सुट्टं सुट्टं होतं, शब्दाशब्दात हात थांबलेला दिसायचा. लिहिलं होतं: "महाराजाच्या पायी दंडवत. लेकीले ताप हाय. पाच दिस झाले. पाणी पोटात ठरत नाई. लेकरू तुमच्या पायावर घातलं. तुमच्या मनात असन तसं करा, पण लेकराले तरास होऊ देऊ नोका." खाली नाव, आणि आर्वी. बस. मी कागद उलटून पाठची बाजू मशीनवर घातली. कोरी. उत्तर नाही, खूण नाही, कारभाऱ्याची एक ओळ नाही. म्हणजे पत्र पोचलं होतं. कोणीतरी घेतलं, घडी घातली आणि गाठोड्यात टाकून दिलं.

मला रडू आलं नाही. डोकं तापलं. कागद होता तसा गाठोड्यात परत ठेवला, मशीन बंद केलं आणि समाधीकडे न बघता बाहेर पडलो. घरी आल्यावर बायकोनं तोंड पाहून विचारलं, "काय झालं वो? कागद भेटला का मायबाईचा?" तिच्याजवळ तरी मी बोलायला हवं होतं. "भेटला" म्हटलं आणि ताटावरून उठलो. ती मागून म्हणाली, "भेटला तं मंग असं काऊन करून राह्यले?" याचं उत्तर मी तिला दोन महिने दिलं नाही.

काम मी पुरं केलं, पण मन लावून नाही. हमाल पोतं टाकतो तसे कागद टाकत गेलो. शेवटचं गाठोडं झालं तेव्हा भाऊसाहेबांनी विश्वस्तांची बैठक घेतली आणि त्यांच्या मनातलं सांगितलं. जुनी पोथी फाटली की आपण ती पायदळी येऊ देत नाही, नदीला देतो. तशी आता महाराजांच्या कागदांना जलसमाधी द्यायची. वाळवीनं खाण्यापेक्षा ते वर्धामाईच्या पोटात गेलेले बरे. कॉम्प्युटरात सगळं आहेच. सगळ्यांना पटलं. कागदाचा माणूस म्हणून मला विचारलं. मी आडवं यायला हवं होतं. पण आमच्या रेकॉर्ड रूमची शिकवण अशी, की वर्गवारीप्रमाणे मुदत संपली की फाईल नष्ट करायची, आणि नक्कल शाबूत असली की मन खात नाही. त्यात माझ्या पोटात तो राग. बुडू दे, म्हटलं, आईचं पत्रही बुडू दे, नाही तरी त्याला कोणी विचारलं नव्हतं. भाऊसाहेबांनी कागद पुढं केला: सर्व पत्रांची नक्कल पूर्ण आणि बिनचूक झाली आहे. मी खाली सही ठोकली. आयुष्यात इतक्या वाईट मनानं मी दुसरी सही केलेली नाही.

पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जन ठरलं. पुण्यतिथीला सकाळीच गाठोड्यांची पूजा झाली. पांढऱ्या मांजरपाटात ती शिवून टाकली, वर फुलं वाहिली, संकल्प सोडला आणि समाधीपुढं ओळीनं मांडून ठेवली. संकल्प झाला की त्यांना हात लावायचा नाही, असा नियम. मंडपात एक मोठा टीव्ही लावला होता. भक्तानं आपल्या आजोबाचं, बापाचं नाव आणि गाव सांगावं, मी ते दाबावं आणि पत्र सगळ्यांसमोर झळकावं. लोक तोंडात बोटं घालत होते. बायाबापड्या टीव्हीला नमस्कार करत होत्या. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. महाराजांवर राग होता तो होता, पण माझ्या कामाचं कौतुक गोड लागत होतं.

दुपारी पंगती उठल्यावर एक म्हातारी आली. पंचाहत्तरीच्या पुढची, काळीसावळी, काटक, डोक्यावर पदर. संगं सून. दोघी आपसात गोंडी बोलत होत्या. कारंज्याकडच्या जंगलपट्टीतल्या होत्या, आणि भंडाऱ्यासाठी वाडीतली वांगी टोपलीभर घेऊन आल्या होत्या. टोपली उतरवून म्हातारी माझ्यापुढं उभी राहिली. "माह्या बापाचा कागद दाखवजो बरं, भाऊ." मी नाव विचारलं, गाव विचारलं आणि दोन मिनिटांत तिच्या बापाचं पत्र टीव्हीवर आणलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं. बायको बाळंतपणानंतर उठली नाही, अंग सुजलं आहे, महाराजांनी पाहावं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी मान डोलावत ऐकत होती. वाचून झालं तशी ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागं वळून म्हणाली, "हा नोहे."

"अहो बाई, नाव तुमच्या वडिलांचं, गाव तुमचं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"नाव बरोबर हाय. कागद बरोबर नाई. महाराजाचं बोट कुठं हाय याच्यावर?"

मी हसलो. लोकही हसले. आता या हसण्याची मला लाज वाटते. म्हातारी मात्र हसली नाही, रागावलीही नाही. तिनं मला समजावून सांगितलं. दहा-बारा वर्षांची असताना ती बापासोबत इथं आली होती. महाराज ओसरीवर बसले होते. कफनीसाठी भिजवलेल्या गेरूची वाटी बाजूला होती. कारभाऱ्यानं तिच्या बापाचा कागद वाचून दाखवला. महाराजांनी तो हातात घेतला. मग त्यांनी गेरूत बोट बुडवलं आणि कागदावर टेकवलं. "म्हणे, याचं उत्तर माह्यापाशी नाई रे बापू. पण हे मी घेतलं. अन् त्या दिवशी महाराज जेवले नाईत. ताट आलं तसंच वापस गेलं, म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मग तुमची आई?" मी विचारलं.

"माय गेली ना बापा. चवथ्या दिवशी गेली." तिनं हे पाऊस पडला सांगावं तसं सांगितलं. "पण माहा बाप मरेपर्यंत सांगे, महाराजानं आपलं दुःख घेतलं म्हणून. मले ते बोट पाहाचं होतं. बापाचं तं काईच नाई राह्यलं माह्यापाशी. इतकं शिकले तुमी अन् एवढं नाई दिसलं तुमाले?"

लाल वगळ. पहिल्या दिवशी मीच मशीनला सांगितलं होतं. कुंकू वगळलं तसा गेरूही वगळला गेला होता. सगळ्या कागदांवरून. इतके महिने मी महाराजांची पत्रं जगासमोर ठेवायचं काम करत होतो, आणि जिथं जिथं महाराजांनी स्वतः हात लावला होता, तेवढंच नेमकं पुसत होतो. मूळ कागद समोर पांढऱ्या कापडात शिवलेले, आणि सकाळी ते नदीत जाणार. आणि मग दुसरा विचार आला, आणि तो आला तसा मी खुर्चीवर बसलो. आईच्या पत्रावरही डाग होता. ब्रशानं झाडताना मी पाहिला होता. तांबूस, एकच. कुंकूच ते, म्हणून मी त्यावरून दोनदा ब्रश फिरवला होता.

तेव्हा मी काय केलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. अर्धा तास काहीच केलं नाही. मंडपाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, म्हातारीच्या लहानपणची गोष्ट, कोण जाणे खरी की मनाची. आता संकल्प झालेला, भाऊसाहेबांचा स्वभाव असा, आणि मी "बिनचूक" म्हणून सही केलेली. चार गावचे लोक जमलेले. त्यांच्यासमोर सांगायचं की मी चुकलो? चौतीस वर्षांत मी कोणापुढं चुकलो म्हटलं नव्हतं, बायकोपुढंसुद्धा नाही. म्हातारी खांबाला टेकून बसली होती. ती कोणाकडे तक्रार करत नव्हती. मला वाटतं, तिनं आरडाओरडा केला असता तर मी तिच्याशी भांडलो असतो आणि सुटलो असतो. मी समाधीकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी. आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच फिर्याद न करता म्हटलं, महाराज, माझ्यानं होत नाही, तुम्ही सांभाळा. इतकंच. मला काही दिसलं नाही, घंटा वाजली नाही. पाय मात्र भाऊसाहेबांकडे चालायला लागले.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. मशीनची खूण, गेरू, सही, सगळं. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. "बाबूजी, संकल्प सोडला आता! अन् तुमीच तं लिहून देलं, बिनचूक म्हणून!"

"रागात लिहून दिलं, भाऊसाहेब," मी म्हटलं, आणि मग मला थांबता आलं नाही. आईचं पत्र, बहिणीचा ताप, कोरी पाठ, सगळं बाहेर आलं. सदुसष्ट वर्षांचा मी, मंडपात पोरासारखा हुंदके देऊन रडत होतो. भंडाऱ्याला सोबत आलेली बायको कुठून तरी पुढं आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. भाऊसाहेब गाठोड्यांकडे पाहत होते. कोणी तरी पुटपुटलं, संकल्प मोडला तर दोष लागतो. म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "महाराजानं घेतलेलं नदीले देणं, हे कोणत्या देवाले पटन?" भाऊसाहेब समाधीपुढं खाली बसले, कान धरले आणि म्हणाले, "दोष लागला तं मले लागू द्या." आणि पहिल्या गाठोड्याची शिवण त्यांनी आपल्या हातानं उसवली.

म्हातारीच्या बापाचा कागद तिसऱ्या गाठोड्यात निघाला. कुंकवाच्या शिंतोड्यांत, नावाच्या खाली, तपकिरी-तांबूस बोट. डाग नव्हता तो. नीट पाहिलं तर बोटाच्या रेषा दिसत होत्या. मी हातमोजे घालायला विसरलो होतो. म्हातारीनं कागद मागितला आणि मी तो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांना लावला, सुनेला दाखवला आणि दोघी गोंडीत हळूहळू काहीतरी बोलत राहिल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या मायचा पाहून घ्या आता."

तो कुठं आहे हे मला माहीत होतं. घडी उलगडली. बोट आईच्या अक्षरावर होतं, "लेकरू" या शब्दावर. माझ्या ब्रशानं कड थोडी फिकटली होती, पण रेषा होत्या. मी त्याच्याकडे किती वेळ पाहत होतो, सांगता येत नाही. आईनं उत्तर मागितलंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. तिनं लिहिलं होतं, तुमच्या मनात असेल तसं करा. पोर पायावर घातली आणि हात काढून घेतला. मागत राहिलो तो मी. साठ वर्षं मी तिच्या वतीनं भांडत होतो, आणि तिचं भांडण नव्हतंच.

विसर्जन झालं नाही. कागद आता निंबाचा पाला घालून लोखंडी कपाटात आहेत, आणि पुण्यतिथीला त्यांच्यावर कुंकू वाहण्याऐवजी लोक कपाटाला हार घालतात. मी सगळं काम पुन्हा केलं, रंगासकट, कुंकवासकट. वर्ष गेलं त्यात. यावेळी एकेक कागद हातात घेऊन, मूळ कागद पाहून. बोट सगळ्यांवर नाही, थोड्यांवर आहे. ते का, याचा हिशेब मी मांडत बसलो नाही. आता कोणालाही ते घरी बसून पाहता येतात. परवा भाऊसाहेब सांगत होते, कोणी तरी परदेशातून फोन केला, कागदावर लाल घाण फार आहे, जरा साफ करा. भाऊसाहेबांनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

म्हातारी खरं तर दुसऱ्या दिवशी, विसर्जनानंतरच्या भंडाऱ्याला येणार होती. आदल्या दिवशी गावातली जीप तळेगावला निघाली म्हणून सुनेनं तिला बसवून आणलं. दुसऱ्या दिवशी आली असती तर तिच्या हाती टोपली राहिली असती आणि कागद नदीत. मी याला चमत्कार म्हणा असं कोणाला सांगत नाही. माझ्यापुरतं इतकं कळलं, की मी जे जे नीट, स्वच्छ, बिनचूक करायला गेलो त्यात कृपा पुसली गेली, आणि "माझ्यानं होत नाही" म्हटलं तेव्हा ती समोर आली. त्या माऊलीचे पाय मी धरायला गेलो तर ती संकोचून मागं सरकली. दर थंडीत तिच्याकडून वांगी येतात, आणि बायको म्हणते, इतकी गोड वांगी वर्ध्याच्या बाजारात भेटत नाहीत.

महाराजांनी माझ्या बहिणीला राखलं नाही. का, ते मला कळलेलं नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं, की तुझं पत्र पोचलं होतं. ते महाराजांनी ऐकलं, आणि त्या दिवशीही त्यांना अन्न गेलं नसणार.